पिशवीचं अस्तर जाळून घेतल्यावर घरी कसं राहायचं

नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टर मॅडमनी कागदावर गर्भपिशवीचं चित्र काढलं आणि म्हणाल्या, "तुम्ही टेलर आहात ना? मग हे बाहेरचं कापड समजा आणि हे आतलं अस्तर. दर महिन्याला हे अस्तर वाढतं आणि सुटून बाहेर पडतं, तीच पाळी. तुमचं अस्तर जास्तच रक्त घेऊन जातंय. आपण पिशवी राहू देऊ, फक्त अस्तर जाळू."

शहरातल्या महाल भागात माझं ब्लाउज शिवायचं काम आहे, वीस वर्षं झाली. अस्तर म्हटल्यावर मला लगेच समजलं. यालाच डॉक्टर एंडोमेट्रियल ॲब्लेशन म्हणतात. घरी गेल्यावर काय करायचं, हे मात्र हातात दिलेल्या कागदावर आठ ओळींत होतं आणि तेही इंग्रजीत. पोरीने वाचून दाखवलं. पण पाणी किती दिवस जाईल, मशीनवर कधी बसायचं, कुलरमध्ये पाणी भरायचं की नाही, देवाजवळ जायचं की नाही, हे त्या आठ ओळींत कुठून असणार? मी ते विचारत गेले, काही अंगावर काढून शिकले, आणि ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेले. ती पानं समोर ठेवूनच हे लिहून राहिले आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

माझं थोडक्यात सांगते. वय ४६, दोन मुलं, दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं. दोन वर्षांपासून पाळी आठ-नऊ दिवस चालायची, पहिल्या तीन दिवसांत रोज दहा-बारा पॅड, गाठी पडायच्या. मशीनच्या स्टुलावर मी काळं जाड कापड चौपदरी करून ठेवायची. हिमोग्लोबिन ७.४ पर्यंत गेलं. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात आणि ८ च्या खाली म्हणजे फारच कमी. पहिल्या एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं होतं, पिशवी काढून टाका. धंतोलीच्या मॅडमनी आधी सोनोग्राफी, थायरॉइड आणि आतल्या अस्तराचा तुकडा घेऊन तपासणी केली. कॅन्सर किंवा त्याआधीची अवस्था नाही याची खात्री झाल्याशिवाय अस्तर जाळत नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. तो रिपोर्ट झाला नसेल तर विचारा, लाजू नका. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे, म्हणून तीही तपासणी केली. ती नॉर्मल आल्यावर दोन वेळा सलाईनमधून लोह दिलं आणि हिमोग्लोबिन १० च्या वर गेल्यावरच भूल दिली. सिकलसेल असलेल्या बाईने मात्र लोहाची गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणखी मूल हवं असेल तर हे करायचंच नाही. अस्तर जळाल्यावर गर्भ राहिला तर आईला आणि बाळाला दोघांनाही धोका असतो. आणि यामुळे दिवस राहणं पूर्ण थांबतं असंही नाही. ज्यांचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं नाही, त्यांनी पाळी पूर्ण बंद पडली तरी रजोनिवृत्ती होईपर्यंत गर्भनिरोधक काही ना काही वापरायलाच हवं.

जायच्या आधी घरात काय करून ठेवायचं

तारीख ठरवताना मी लग्नसराई संपायची वाट पाहिली. जूनचा दुसरा आठवडा, मंगळवार. मृग लागून चार दिवस झाले होते, पण पाऊस नव्हता आणि उकाडा असा की रात्री कुलरशिवाय झोप नाही. आदल्या आठवड्यात मी हातातल्या सगळ्या ऑर्डरी पूर्ण करून दिल्या आणि नवीन गिऱ्हाइकांना सरळ दहा दिवस नंतरची तारीख दिली. कारण सांगितलं नाही, "तब्येत बरी नाही" एवढंच. तुम्ही नोकरीत असाल तर दोन-तीन दिवसांत बऱ्याच बाया कामावर जातात. पण जमत असेल तर आठवडाभर मोकळा ठेवा, कारण कोणाचं शरीर कसं वागेल ते आधी कळत नाही.

मोठ्या आकाराचे पॅड चार पाकिटं आणून ठेवले. आत घालायचे टॅम्पून किंवा कप या दिवसांत अजिबात नाही, आत जखम असते आणि जंतू लागायची भीती असते. मी एरवी घरी शिवलेले सुती पॅड वापरते, पण ते उन्हात कडक वाळले पाहिजेत. जूनमध्ये आभाळ भरून येतं, दमट राहिलेला कपडा या दिवसांत नको, म्हणून बाजारचेच आणले. गडद रंगाचे दोन सैल गाउन काढून ठेवले, कमरेत नाडी नसलेले. पोटावर नाडी आवळली की पहिले दोन दिवस फार त्रास होतो. गरम पाण्याची रबरी पिशवी तपासून पाहिली, तिचं झाकण गळत होतं, ते बदललं. आणि पोरीला खिचडी, कढी आणि भाकरी एवढं तरी जमलं पाहिजे, याची तयारी तिच्याकडून आठवडाभर करून घेतली.

पहिला दिवस

यंत्राप्रमाणे अस्तर जाळायला दीड-दोन मिनिटांपासून दहा मिनिटांपर्यंत वेळ लागतो. माझं फुग्याच्या पद्धतीने झालं. पिशवीत फुगा सोडून त्यात गरम पाणी भरतात. पोटावर कापत नाहीत, टाके नाहीत, सगळं खालच्या वाटेने. सकाळी दहाला आत नेलं, संध्याकाळी सहाला घरी सोडलं.

शुद्धीवर आले तेव्हा पाळीच्या पहिल्या दिवसासारखी, पण जास्त जोराची कळ ओटीपोटात येत होती. सलाईनमधून औषध दिल्यावर कमी झाली. मळमळ होती, एकदा उलटी झाली, ती भुलेमुळे. पहिले चोवीस तास लघवीला सारखं जावं लागलं, अर्ध्या अर्ध्या तासाला. मी घाबरले होते, सिस्टर म्हणाल्या, हे होतं, पाणी पीत राहा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते थांबलं. जळजळ वाढत गेली किंवा लघवी होतच नसली तर मात्र लगेच कळवायचं.

घरी ऑटोने आले. भूल घेतल्यावर चोवीस तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही आणि एकटीने राहायचं नाही. ऑटोवाल्याला आधीच सांगा की हळू चालव, प्रत्येक खड्डा ओटीपोटात लागतो. मी उशी घेऊन गेले होते, ती पोटाशी धरून बसले. त्याचा फार उपयोग झाला.

रात्री आयब्युप्रोफेन दिली होती, पोटात काही खाऊनच घ्यायची. ही गोळी दुखायला लागायची वाट पाहून घेण्यापेक्षा पहिले दोन दिवस डॉक्टरांनी दिलेल्या वेळेवर घेतली तर दुखणं अंगावर येत नाही. ज्यांना दमा, पोटात अल्सर किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी आधीच सांगावं, त्यांना दुसरं औषध देतात. डोकं दुखलं म्हणून घरातल्या डब्यातली ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी रोज घेत असाल तर मनाने बंदही करू नका, विचारा.

टॉवेलात गुंडाळून गरम पिशवी ओटीपोटावर पंधरा-वीस मिनिटं ठेवायची. कातडीवर थेट नको. गोळीमुळे चटका लागलेला कळत नाही.

टाके नाहीत म्हणून काही झालंच नाही, असं नाही

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पलंगाशी येऊन बसल्या. मायेच्या आहेत, पण त्यांना खरंच कळत नव्हतं. म्हणाल्या, "पोट फाडलं नाही, टाके नाहीत, मंग झोपून काहून राहिली वो? ऊठ, अंग मोकळं होईल." मी त्यांना माझ्या भाषेत सांगितलं. आई, वरून ब्लाउज जसाच्या तसा दिसतोय, पण आतलं अस्तर पूर्ण जळालंय. आतून एक मोठी भाजल्याची जखम आहे. हातावर तेल उडालं तर आठ दिवस जपतो ना? त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग पोरीला म्हणाल्या, "आजच्या पोळ्या मी करते."

ज्यांच्या घरी समजून घेणारं कोणी नसेल त्यांनी डॉक्टरांकडून घरच्यांसमोर सांगून घ्यावं. आमच्या मॅडमनी माझ्या यजमानांना समोर बसवून सांगितलं होतं की स्राव पूर्ण थांबेपर्यंत आणि तपासणी होईपर्यंत संबंध नाही. हे बाईने नवऱ्याला सांगायचं म्हटलं की पुष्कळ घरांत अवघड होतं. डॉक्टरांनी सांगितलं की वाद राहत नाही. मला तीन आठवडे थांबावं लागलं.

झोपूनच राहायचं, असाही याचा अर्थ नाही. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालायचं, जिना हळूहळू चढायचा. पाय हलते ठेवले तर त्यात रक्त गोठत नाही. जड उचलणं, ओढणं, खाली बसून कपडे आपटणं, जोर लावून व्यायाम, हे आठवडाभर तरी नको.

काय जातं, किती जातं, ते मोजायचं

या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अस्तर जळाल्यावर त्याची खपली सुटत जाते आणि पाण्यासोबत बाहेर येते. ते पाहून बाया घाबरतात, कारण ते पाळीसारखं दिसत नाही. माझ्या वहीत असं आहे: बुधवारी लाल, पाच पॅड. गुरुवारी लाल, त्यात पाणी मिसळलेलं, पाच पॅड. शुक्रवारी गुलाबी पाणी, चार पॅड. दुसऱ्या आठवड्यात पिवळट-तपकिरी पाणी, तीन पॅड, कधी दोन. त्यात एकदा काळसर करड्या रंगाचे बारीक तुकडे आले, भिजलेल्या कागदासारखे. ते खपलीचे तुकडे. पाणी जाणं दोन ते चार आठवडे चालू शकतं, माझं वीस दिवस चाललं. सुरुवातीचे काही दिवस भरपूर, मग कमी कमी. थोडासा वास असतो, लोखंडासारखा, ओलसर. सडका, नाक फिरवायला लावणारा वास वेगळा असतो, तो आला की डॉक्टर.

"पॅड भिजला" म्हणजे नक्की किती, हे फोनवर सांगताना गोंधळ होतो. मधोमध नुसता डाग असेल तर तो भिजलेला नाही. पुढून मागून दोन्ही टोकांपर्यंत ओला, हातात घेतल्यावर जड लागणारा, बाजूने कपड्यावर उतरायला लागलेला पॅड, त्याला गच्च भिजलेला म्हणायचं. असा तासाला एक पॅड लागोपाठ दोन तास बदलावा लागला तर वाट पाहायची नाही, दवाखाना गाठायचा. म्हणून बदलल्याची वेळ लिहा. फक्त आकडा लिहिला तर काही कळत नाही.

माझी चूक पाचव्या दिवशी झाली. शनिवार. दुखणं थांबलं होतं, गोळीही सुटली होती. सकाळी सहाला नळ आला, यजमान ड्युटीवर, पोरगी क्लासला. कुलरची टाकी कोरडी. पाइपचं तोंड फाटलेलं होतं, म्हणून मी बादलीने भरली. एक, दोन, तीन बादल्या, न्हाणीपासून खिडकीपर्यंत, आणि प्रत्येक बादली खांद्यापर्यंत उचलून टाकीत ओतायची. तिसऱ्या बादलीला ओटीपोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. नऊ वाजता पॅड लाल. साडेदहाला गच्च. पावणेबाराला पुन्हा गच्च. चार दिवस कमी होत आलेलं एकदम असं वाढलेलं पाहून माझे हात कापायला लागले.

फोन केला. सिस्टरनी चार गोष्टी विचारल्या: एक पॅड किती वेळ चालला, गाठी आहेत का, ताप आहे का, उभं राहिल्यावर चक्कर येते का. वही हातात होती म्हणून मी नीट सांगू शकले. त्यांनी पडून राहायला, पाणी प्यायला आणि पुढचे दोन तास घड्याळ लावून मोजायला सांगितलं, वाढलं तर सरळ या म्हणाल्या. दुपारी दोनचा पॅड अर्धाच भिजला, संध्याकाळी पुन्हा गुलाबी. त्या दिवसापासून कुलर भरायचं काम माझ्याकडे आलेलं नाही. दुखणं थांबलं म्हणजे जखम भरली असं नसतं. गोळी बंद झाल्यावर दोन-तीन दिवस बाईला एकदम मोकळं वाटतं, आणि साचलेली कामं डोळ्यांसमोर उभी राहतात. तेच दिवस सांभाळायचे.

दवाखान्यात जायची बाकीची कारणंही इथेच लिहून टाकते. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर. पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी दोन दिवसांनंतर वाढत जाणं, गोळीने न थांबणं. पोट फुगून ताठ होणं. सारख्या उलट्या. पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं. यातलं काहीही रात्री झालं तरी सकाळची वाट पाहू नका. आपल्या नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं चोवीस तास उघडी असतात, जिथे ऑपरेशन झालं तिथे फोन लागला नाही तर तिथे जा आणि "चार दिवसांपूर्वी पिशवीचं अस्तर जाळलंय" हे पहिल्या वाक्यात सांगा. अशी बाई पोटदुखी घेऊन आली की डॉक्टर वेगळ्या नजरेने पाहतात. क्वचित पिशवीला भोक पडणं किंवा आतड्याला चटका बसणं असं झालेलं असू शकतं, ते वेळेत कळायला हवं.

अंघोळ रोज करायची, बादलीने किंवा शॉवरने. टबमध्ये बसायचं नाही, नदीत किंवा तलावात उतरायचं नाही. आत पाण्याचा फवारा मारायचा नाही, जंतुनाशक द्रव किंवा सुगंधी वॉश लावायचा नाही, साधं पाणी बाहेरून पुरे. पॅड कमी भिजला तरी चार तासांनी बदला. या उकाड्यात ओला पॅड ठेवला की मांड्यांना पुरळ येते, मला आली होती. खोबरेल तेल लावून आणि रात्री जुनं मऊ सुती धोतर अंथरून दोन दिवसांत बरी झाली.

खाणं आणि लोहाची गोळी

पहिल्या दिवशी भाताची पेज, मग मऊ खिचडी, मग रोजचं. पथ्य असं डॉक्टरांनी काही सांगितलं नाही. सासूबाईंनी बाळंतिणीसारखे डिंकाचे लाडू करायला घेतले होते, त्यांना एवढंच सांगितलं की थोडे करा, या गर्मीत पचत नाहीत. पपई उष्ण म्हणून बंद करायला शेजारच्या काकूंनी सांगितलं. मी पिकलेली पपई रोज खाल्ली, कारण लोहाच्या गोळीने शौचाला कडक होतं आणि या दिवसांत कुंथणं म्हणजे ओटीपोटावर जोर. सोबत ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ताक.

वर्षानुवर्षं रक्त गेलेलं असतं, ते आठ दिवसांत भरून येत नाही. अशक्तपणा ऑपरेशनमुळे आला असं बायांना वाटतं, खरं तर तो आधीचाच असतो. लोहाची गोळी हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवायला सांगतात, म्हणजे साठा भरतो. ती चहासोबत किंवा दुधासोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही. मला सकाळचा चहा सुटणार नव्हता, म्हणून गोळी दुपारी अकराला ठेवली, लिंबाच्या पाण्यासोबत. आंबटाने लोह चांगलं शोषलं जातं. आपल्या गावात संत्र्यांची कमी नाही, पण जूनमध्ये संत्र्याचा हंगाम नसतो, लिंबू मात्र बाराही महिने मिळतं. गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरू नका.

वडाला जायचं की नाही

अकराव्या दिवशी वटपौर्णिमा आली. पाणी जात होतं, तीन पॅड. सासूबाईंनी दारातच विचारलं, "हे विटाळात धरायचं का?" त्यांना दुखवायचं नव्हतं आणि मला वडाला जायचं होतं. माझी चोविसावी वटपौर्णिमा, मधली एकही चुकलेली नाही. मी फोनवर मॅडमनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "ही पाळी नाही. जखमेचं पाणी आहे. गुडघा फुटल्यावर जसं पाणी येतं तसं." सासूबाईंनी स्पीकरवर ऐकलं आणि स्वतःच माझ्या हातात सुताची गुंडी दिली. घरोघरची रीत वेगळी असते, त्यावर मी काही म्हणणार नाही. पण ही पाळी नाही, एवढं खरं काय ते माहीत असावं, म्हणून लिहिलं.

उपास मात्र निर्जळी करू नका. मी आंबा, केळी, ताक घेतलं, लोहाची गोळी खाऊन झाल्यावर घेतली, आणि गर्दीत उभं राहायला नको म्हणून सकाळी सातलाच जाऊन आले. सात फेऱ्या मारून झाल्यावर वडाच्या पारावर पंधरा मिनिटं बसले. डोळ्यांत पाणी का आलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी मागून साडी पाहायला कोणाला सांगितलं नव्हतं.

मशीनवर परत

आठव्या दिवशी मी हातशिलाईने सुरुवात केली, हुक आणि काजं, पलंगावर पाठ टेकून. माझी पायमशीन आहे. पाय चालवताना ओटीपोटाचे स्नायू किती ओढले जातात ते मला आधी माहीत नव्हतं. दहाव्या दिवशी अर्धा तास बसून पाहिलं, पाणी वाढलं नाही, तेव्हा रोज अर्धा अर्धा तास वाढवला. दोन आठवड्यांत पूर्ण वेळ. इतवारीच्या बाजारातून अस्तराच्या कापडाचे गठ्ठे मीच आणते, ते काम महिनाभर यजमानांनी केलं. तुमचं काम काहीही असो, असंच करून पाहा: थोडं करायचं, त्या दिवशीचा पॅड पाहायचा, मग वाढवायचं.

निकाल कधी कळतो

पुढची पाळी पाहून निकाल लावू नका. माझी पाळी पाचव्या आठवड्यात आली, आषाढीच्या तोंडावर, चार दिवस आणि दिवसाला चार पॅड. मी रडले, म्हटलं पैसे गेले. मॅडम म्हणाल्या, तीन महिने थांबा. दुसरी दोन दिवसांची आली, तिसरीला नुसते डाग. महालक्ष्म्यांच्या वेळी, बरोबर तीन महिने झाले तेव्हा, हिमोग्लोबिन ११.८ होतं. काहींची पाळी पूर्ण बंद होते, पुष्कळांची कमी होते, आणि काहींना काही वर्षांनी पुन्हा त्रास सुरू होऊन पिशवी काढावी लागते. कमी वयात हे केलेल्यांमध्ये तसं जास्त होतं. हे आधीच माहीत असलं तर पुढे धक्का बसत नाही.

पाळी थांबली म्हणजे म्हातारपण आलं असंही नाही. बीजकोशांना कोणी हात लावलेला नसतो, ते आपलं काम करत राहतात. पाळीच्या आधी छाती दुखायची ती मला आजही दुखते, चिडचिड होते, फक्त रक्त जात नाही. अंगातून गरम वाफा आपल्या वेळेनेच येतील.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. दर महिन्याला ठरावीक दिवसांत ओटीपोटात जोरात दुखायला लागलं आणि रक्त येत नसलं, तर ते आत साठत असू शकतं. कुठेतरी थोडं अस्तर उरतं आणि वाट जखमेच्या व्रणाने बंद होते. माझ्यासारखं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं असेल तर रक्त बीजनळीच्या पिशवीकडच्या टोकालाही साठू शकतं. गॅस म्हणून ओवा खात बसू नका, सोनोग्राफी करून घ्या.

आणि हे पंधरा वर्षांनीसुद्धा सांगावं लागेल. रजोनिवृत्तीनंतर एक डाग जरी दिसला तरी तपासायचं, व्रणांमुळे आतला तुकडा घेणं किंवा आजार वेळेत कळणं कठीण जाऊ शकतं. पुढे कोणी हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर "माझं अस्तर जाळलेलं आहे, पण पिशवी आहे" असं सांगायचं, कारण अशा बाईला नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. पाप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, आधीसारखीच चालू ठेवायची. मी डिस्चार्ज कार्ड, तुकड्याचा रिपोर्ट आणि वहीची ती पानं, सगळ्यांचे फोटो पोरीच्या फोनमध्ये ठेवले आहेत. मूळ कागदांसाठी उरलेल्या खणाच्या कापडाची पिशवी शिवली, आत अस्तर लावून, आणि ती कपाटाच्या दाराला आतून अडकवली आहे. ती कुठे आहे हे घरात चौघांनाही माहीत आहे.